आधी आत घ्या, मग बाहेर सोडा

कारखान्याच्या दारावरच्या सभेत एक दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. पुढारी बोलतो तेव्हा कर्णे दणाणतात. त्याच्यामागून पॅकिंग खात्यातली एखादी बाई बिचकत माईकसमोर उभी राहते, आणि तिचे गाऱ्हाणे तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. मागून "आवाज, आवाज!" असा पुकारा होतो. साउंडवाला मिक्सरची दांडी वर ढकलतो, कर्णा शिट्टी मारतो, बाई गोंधळून खाली उतरते. दोष तिच्या घशाचा नव्हे, मिक्सरच्या वापराचा होता, हे आम्हांला फार उशिरा उमगले. उमगले तेवढे येथे सांगतो.

मिक्सरवर बटणांचे रान दिसते. पण भिण्याचे कारण नाही. एका माईकला एक उभी ओळ, तिचे नाव चॅनेल. एक ओळ समजली की सोळाही समजल्या.

ओळीच्या माथ्यावर गेन असतो. माईकमधून येणारा विजेचा दाब अवघा काही मिलिव्होल्ट. मिक्सरच्या पोटातले काम मात्र सुमारे एक व्होल्टवर चालते. ही वाढ गेन करतो. ६० डेसिबल गेन म्हणजे हजारपट वाढ. गेन कमी पडला तर आवाज यंत्राच्या खरखरीत बुडतो, आणि पुढे दांडी ढकलली की खरखरही बरोबर वाढते. गेन फाजील झाला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज खालच्या कोणत्याही बटणाने सांधत नाही.

तेव्हा गेन लावावा कसा? तळाची सरकती दांडी, म्हणजे फेडर, खाली ठेवावी. पीएफएल बटण दाबले की फेडरच्या आधीचा आवाज मीटरवर दिसतो. बोलणाऱ्याला त्याच्या स्वाभाविक आवाजात दोन वाक्ये बोलायला लावावीत. मीटर शून्याच्या आसपास खेळेपर्यंत गेन वाढवावा. लाल दिवा लागला तर मागे घ्यावा. मग फेडर शून्याच्या खुणेवर आणावा. तेथे तो आवाज वाढवीतही नाही, घटवीतही नाही.

मधल्या बटणांचे काम थोडक्यात असे. 'लो कट' दाबले की साधारण ८० ते १०० हर्ट्झखालची घरघर गळते: वाऱ्याची, जनरेटरची, माईकच्या दांड्याला लागलेल्या धक्क्याची. बोलण्याचे त्यात काही बिघडत नाही. आवाज घुमत असेल तर तिखट वाढवण्याआधी खर्ज उतरवून पाहावा. 'ऑक्स' मंचावरच्या स्पीकरला आवाज पुरवतो. तो बहुधा फेडरच्या आधीच आवाज घेतो. म्हणून मंचावरचा स्पीकर शिट्टी मारू लागला तर फेडर खाली ओढून भागत नाही, ऑक्सच उतरवावा लागतो. ४८ व्होल्टचे बटण कंडेन्सर माईकसाठी असते. ते चॅनेल बंद ठेवूनच दाबावे, नाही तर कर्ण्यात धडाका होतो.

आता त्या बाईकडे वळू. शिट्टीपुरते बोलायचे तर गेन वाढवा की फेडर, परिणाम एकच. मग उपाय काय? पहिला, माईक तिच्या तोंडाजवळ न्यावा. अंतर निम्मे झाले की ६ डेसिबल आवाज फुकट वाढतो, आणि शिट्टीचा धोका वाढत नाही. दुसरा, बाकीचे माईक बंद करावेत. चार उघड्या माईकांपैकी एकच ठेवला की आणखी सुमारे ६ डेसिबलची सवलत मिळते. तिसरा आणि मुख्य, पुढाऱ्याच्या गळ्यावर बेतलेला गेन तिच्या माथी मारू नये. हळू बोलणाऱ्यांसाठी दुसरा माईक, दुसरे चॅनेल ठेवावे आणि त्याचा गेन सभेआधीच तिला बोलवून लावून घ्यावा.

आमचीही चूक येथेच होत असे. आम्ही स्वतः "हॅलो, हॅलो" म्हणून चाचणी उरकत होतो. आणि आमचा आवाज तर मुळात कर्ण्यावाचूनही पोहोचला असता! आता सर्वांत हळू बोलणाऱ्याची चाचणी आम्ही सर्वांत आधी घेतो. तिला दहा मिनिटे लागतात. ज्याच्यासाठी सभा भरवली त्याचे म्हणणे शेवटच्या रांगेला ऐकू जाणार असेल, तर दहा मिनिटांचा हा हिशेब कोणत्याही संघटनेला परवडेल.