कर कोणाच्या संमतीने?

राज्य कशाच्या जोरावर चालते? तलवारीच्या, असे आपण चटकन म्हणू. पण 1620 साली अमेरिकेच्या किनाऱ्याशी आलेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावर 41 पुरुषांनी एका करारावर सह्या केल्या: आपण मिळून कायदे करू आणि ते पाळू. (बायकांना कोणी विचारले नाही, ही गोष्ट निराळी!) संमतीने कारभार करण्याची सवय त्या वसाहतींत अशी मुरत गेली. म्हणून 1765 साली ब्रिटिश पार्लमेंटने कागदपत्रांवर स्टॅम्पाचा कर बसवला, तेव्हा लोक अडून बसले. पार्लमेंटात आमचा माणूस नाही, मग आमच्या खिशात हात कसा घालता? वर्षभरात कर मागे घ्यावा लागला.

हा सवाल शिळा झालेला नाही. आमच्या नवी मुंबईत महानगरपालिकेची पहिली निवडणूक 1995 साली झाली. 2020 च्या मे महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक आधी करोनामुळे लांबली, मग कोर्टकचेरीत अडकली. 2026 च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. नळाला पाणी येई, मालमत्ताकराची बिलेही येत. मात्र गटार तुंबले, तर मतांच्या जोरावर जाब विचारावा असा वॉर्डाचा माणूसच उरला नव्हता.