पॅसिफिकमधील नसलेले बेट

कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्या दरम्यान टाकाऊ प्लास्टिकचे एक अफाट बेट तरंगत असून त्यावरून माणूस चालू शकेल, किंबहुना अंतराळातूनही ते दृष्टीस पडेल, अशी जी समजूत सुशिक्षितांतही रूढ झाली आहे, ती सर्वथा निराधार आहे. १९९७ साली नौकाशर्यत आटोपून त्या मुलुखातून परतणाऱ्या चार्ल्स मूर यांना आढळले ते इतस्ततः विखुरलेले तुकडे. त्यांचे बेट पुढे लोकांच्या कल्पनेने रचले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार या पट्ट्याचा विस्तार सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट, आणि त्यातील प्लास्टिकचे वजन अजमासे ७९ हजार टन. त्रैराशिक मांडले, तर चौरस किलोमीटरच्या वाट्याला सरासरी ५० किलोदेखील येत नाही. बेट असते तर ते उपसून तरी टाकता आले असते. ही विरळताच खरी अडचण आहे.

हा सारा ऐवज पिशव्यांचा आणि पेय शोषण्याच्या नळ्यांचा, हाही एक भ्रम. एकंदर तुकडे सुमारे १.८ लाख कोटी. त्यांपैकी पाच मिलिमीटरहून लहान, म्हणजे ज्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात ते, संख्येने ९४ टक्के असले तरी वजनाने जेमतेम ८ टक्के भरतात, उलट मासेमारीच्या जाळ्यांचा वजनातील हिस्सा मात्र ४६ टक्के आहे. नळ्यांवर बहिष्कार घालणाऱ्यांना हा हिशेब रुचणार नाही. शिवाय सूर्याच्या अतिनील किरणांनी ठिसूळ झालेले प्लास्टिक विरघळत नाही, केवळ फुटत जाते. सबब आज वाहत असलेले जाळे हेच उद्याचे सूक्ष्मप्लास्टिक होय.

तरंगते तेवढेच प्रदूषण, असेही मानू नये. २०१० या एकाच वर्षी किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले असावे, असा अंदाज आहे. त्यातील बराच भाग किनाऱ्यांवर आणि तळाशी विसावतो. मारियाना गर्तेत जवळजवळ ११ किलोमीटर खोलीवर पिशवी दिसल्याची नोंद आहे.

राहता राहिला ‘जैवविघटनशील’ या शिक्क्याचा प्रश्न. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी असा शिक्का असलेली एक पिशवी तीन वर्षांहून अधिक काळ समुद्रात ठेवून बाहेर काढली, तेव्हा तिच्यातून बाजार भरून आणता येईल इतकी ती शाबूत होती.