भाषा एक, रीती दोन

इंग्रज व अमेरिकन यांची भाषा एक. शिष्टाचार मात्र भिन्न. पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज स्थापणाऱ्या पंडिता रमाबाईंना हा भेद प्रत्यक्ष अनुभवास आला. इंग्लंडात चेल्टनहॅम येथे त्या संस्कृत शिकवीत. परंतु स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांस शिकविणे चर्चच्या अधिकाऱ्यांना अनुचित वाटले. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे जाहीर सभांतून त्यांची व्याख्याने झाली आणि बोस्टनमध्ये त्यांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या साहाय्याचे अभिवचन मिळाले. त्या बळावर उभे राहिलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले.

आजही लंडनचा व्यापारी मालास ‘क्वाइट गुड’ म्हणतो, तेव्हा बहुधा ‘बरा आहे’ एवढेच सुचवितो. न्यूयॉर्कमध्ये तीच खरी प्रशंसा असते. परदेशी व्यवहार करणाऱ्या घरांतील मुलांनी भाषेबरोबर रीतही शिकावी. अन्यथा नकारालाच होकार समजून माल रवाना व्हायचा.