डोंगराआडचा रेडिओ

मोठ्या आपत्तीत मोबाइल बंद पडतो तो बरेचदा मनोऱ्याला धक्काही न लागता. वीज जाते, मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, जनरेटरचे डिझेल खचलेल्या रस्त्यापलीकडे अडकते आणि रस्त्याकडेची फायबर केबलही तुटते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याला अशा रात्री नव्या नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा मदतपथकांना तिथवर पोचणेच अवघड झाले होते.

अशा वेळी मनोरा आणि केबल यांवाचून चालणारा रेडिओ लागतो. पण खोऱ्यात वाटेल तो रेडिओ चालत नाही. वॉकीटॉकीच्या व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराची धार आली की पलीकडे आवाज पोचत नाही. माथ्यावरचा रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणारा संच, ही अडचण सोडवतो खरा, मात्र त्यालाही वीज लागते.

हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, यातून वेगळी वाट काढतात. ते ७ मेगाहर्ट्झवर बोलतात. या लहरीची लांबी सुमारे ४० मीटर असते, म्हणून अँटेनेला दोन्ही बाजूंना साधारण १० मीटर तार पुरते. दूर देशांशी बोलायला अँटेना उंच हवी; इथे ती मुद्दाम चार-पाच मीटरवर, दोन झाडांमध्ये ताणतात. त्यामुळे बरीचशी लहर सरळ वर जाते, अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून, परतते आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांत उतरते. डोंगर आडवा येतच नाही. पाटणच्या दरीतून सातारा, सांगली, पुणे, मुंबई सारेच आवाक्यात येते. रात्री आयनांबर विरळ झाले की ३.५ मेगाहर्ट्झवर यावे लागते आणि तारही दुप्पट लांब लागते. विजेसाठी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी चालते.

यंत्राइतकीच शिस्त मोलाची. एका वेळी एकानेच बोलायचे, ‘ओव्हर’ म्हटल्यावर दुसऱ्याने. गाव, वेळ, जखमींची संख्या, हवी ती मदत हे आधी कागदावर उतरवायचे; ऐकणाऱ्याने आकडे परत वाचून दाखवायचे. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतली गफलत इथे जीवावर बेतू शकते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला आधीच पोचलेल्या हॅम चमूने अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क राखला, तो अशाच संचांवर. असा संच चालवायला केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो. परवानाधारकाला स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचे ओळखचिन्ह, मिळते.