सोपाऱ्याचा शिलालेख आणि बँकॉकची यात्रा

बँकॉकला जाऊन येणे आता नोकरदार कुटुंबालाही अशक्य राहिलेले नाही. मात्र परत आल्यावर बोलणे होते ते बाजाराचे आणि हॉटेलांचे. विहारांविषयी विचारले, तर "मूर्ती फार मोठी होती" एवढेच उत्तर मिळते. प्रवास कशासाठी करावा, हे सांगणारा दगड वास्तविक आपल्याच गावात सापडलेला आहे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखाचा विषयच प्रवास आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी 'विहारयात्रा' करीत. येथे विहार म्हणजे मौजेने हिंडणे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाली असता अशोक बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, सामान्य जनांना भेटून धम्माची चर्चा, ही तिची अंगे होत. बँकॉक पाहताना हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते.

चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर १७८२ साली राजा राम पहिला याने ही राजधानी वसविली. तेथे मठ-मंदिराला 'वाट' म्हणतात. वाट फो येथील ४६ मीटर लांबीच्या शयनमुद्रेतील बुद्धमूर्तीच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ मंगलचिन्हे आहेत. तेथून जवळच्या धक्क्यावरून नावेने पैलतीरी गेले की चिनी मातीच्या तुकड्यांनी मढविलेले वाट अरुण लागते. शब्दही ओळखीचे भेटतात. त्यांची 'चेदी' म्हणजे आपले चैत्य, 'विहान' म्हणजे विहार आणि 'उबोसोत' म्हणजे उपोसथाचे स्थान. १८९८ साली पिप्रहवा येथे मिळालेल्या अस्थिधातूंपैकी काही सयामच्या राजाला देण्यात आले. ते वाट साकेतच्या सुवर्णगिरीवर प्रतिष्ठापित आहेत.

दर्शनाला जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. मूर्तीकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. तो तेथील विनयाचा भाग आहे.

आता खाण्याविषयी. पहाटे भिक्खू पात्र घेऊन निघतात आणि अनेक उपासक-उपासिका बाजारातल्या गाडीवरूनच शिजलेले अन्न घेऊन त्या पात्रात घालतात. म्हणजे रस्त्यावरची गाडी ही केवळ चैनीची जागा नव्हे, दानाचाही तिच्याशी संबंध आहे. दुपारनंतर भिक्खू जेवीत नाहीत. शहर मात्र रात्रभर खाते. याओवारात या चिनी वस्तीच्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. खलबत्त्यात कुटलेली कच्च्या पपईची कोशिंबीर, नारळाच्या दुधातला चिकट भात व आंबा हे पदार्थ आपल्याला सहज रुचतात. मात्र पुष्कळ पदार्थांत माशांचा खारवलेला रस असतो. शाकाहारी मंडळींनी पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत लिहिलेली 'जे' ही खूण पाहावी. त्या अन्नात कांदा-लसूणही नसतो. विक्रेत्या बाईला हात जोडून नमस्कार करावा, पदार्थाचे नाव विचारावे. अशोकाने सांगितलेली सामान्य जनांची भेट ती हीच.

शेवटी एक सांगणे आहे. बँकॉकच्या सुवर्णगिरीवर आपण हौसेने चढतो. पण नालासोपारा पश्चिमेच्या 'बुरुड राजाच्या कोटा'ला, म्हणजे आपल्या स्तूपाला, किती कुटुंबांनी भेट दिली आहे? १८८२ सालीच या स्तूपातून दगडी करंडक निघाला. त्यात आठ कांस्यमूर्ती, सोन्याची फुले आणि बुद्धाच्या मानल्या गेलेल्या भिक्षापात्राचे तुकडे होते. बँकॉकच्या रस्त्यावर पहाटे जे पात्र आपण पाहतो, त्याची आठवण आपल्या मातीत कितीतरी शतके जपलेली होती. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे, की पारपत्र काढण्याआधी एका रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन या स्तूपापाशी जा. धम्मयात्रेची सुरुवात तेथून करा.