बूट ड्राइव्ह बदलावा काय?

‘कमवा व शिका’ योजनेचे पैसे हाती आले आणि मनात आले, घरच्या संगणकाचा १२० जीबीचा साटा एसएसडी काढून एनव्हीएमई बसवावा. दुकानदार म्हणाला, “सहापट वेग!” आकडा खोटा नव्हे. साटातून सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचता येतात, एनव्हीएमईतून साडेतीन हजार आणि त्याहूनही अधिक. परंतु मित्रहो, हा वेग एखादी मोठी फाइल सलग वाचतानाचा. संगणक सुरू होताना हजारो बारीक फाइली इथून तिथून वेचाव्या लागतात. तेथे दोहोंतला फरक बहुधा काही सेकंदांचाच. खरी उडी हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे जाताना असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा समोर येण्यास सरासरी चार मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. ती उडी आम्ही केव्हाच घेतली होती.

शिवाय पुष्कळ जुने मदरबोर्ड एनव्हीएमईवरून सुरूच होत नाहीत. हे मात्र दुकानदार बोलला नाही!

मग आमचा संगणक रखडत का होता? पाहिले तर ड्राइव्हवर अवघे ६ जीबी मोकळे. एसएसडीला जुन्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. जागा नसली की त्याची हलवाहलव वाढते. वडिलांना हे सांगितले, तर म्हणाले, “म्हणजे कणगी भरलीय, फुटली नाही.”

फोटो जुन्या हार्ड डिस्कवर हलवले. ड्राइव्हचे उरलेले आयुष्य तपासले, ते ८८ टक्के निघाले. पैसे परीक्षेच्या फीला गेले.