दुखत नाही म्हणून

भोर आणि वेल्ह्याच्या परिसरात भातलावणीच्या दिवसांत माणसाचे पाय उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चिखलात असतात. खेकड्याची नांगी, बांधावरचा काटा, विळ्याचं पातं यांतलं काही ना काही रोज लागतं आणि त्यावर हळद दाबून काम पुढे चालू राहतं. याच दिवसांत बिळांत पाणी शिरतं, साप आणि विंचू कोरडी जागा शोधत घराच्या भिंतीकडे, लाकडांच्या ढिगाकडे, जमिनीवरच्या अंथरुणाकडे सरकतात. रात्री कुणाला काही चावलं तर घरातले पहिला प्रश्न विचारतात, "लई दुखतंय का?" केळदच्या खोऱ्यातून वेल्ह्याला जायचं किंवा हिर्डोशीकडून भोरला यायचं, तेही पावसात आणि अंधारात, म्हणजे सोपी गोष्ट नाही. जीप सांगायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्या एका उत्तरावर ठरतं. प्रश्न अगदी नैसर्गिक आहे. पण शरीरातली खबर मेंदूपर्यंत कशी पोहोचते हे पाहिलं की तो अपुरा आहे हे कळतं आणि काही वेळा त्याच्यावर विसंबणं जिवावर बेततं. वेदना ही खबर आहे, इजेचं मोजमाप नाही.

ही खबर कशी जाते ते मराठी भाषेनं फार बारकाईनं टिपलं आहे. अंगठ्याला ठेच लागली की आधी 'कळ मस्तकात जाते' आणि मग 'ठणका लागतो'. आपण हे दोन शब्द सहज वापरतो, पण शरीरात त्यांच्यासाठी खरोखरच दोन वेगळ्या तारा आहेत. कातडीत संपणाऱ्या मज्जातंतूंपैकी काहींवर चरबीयुक्त आवरणाचा पातळ थर असतो. त्यांतून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं जातो. ती कळ. दुसरे तंतू उघडे आणि अतिशय बारीक असतात, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. त्यांनी आणलेली खबर सेकंद-दीड सेकंद उशिरा पोहोचते, पसरट असते आणि लवकर जात नाही. तो ठणका. साध्या स्पर्शाचे तंतू या दोहोंपेक्षाही वेगवान आहेत. म्हणूनच ठेच लागल्याचं आधी समजतं आणि दुखायला क्षणभरानं लागतं. अशा प्रत्येक तंतूची पेशी मणक्यांच्या कडेच्या एका गाठीत बसलेली असते. तिचा एक हात अंगठ्याच्या टोकापर्यंत आणि दुसरा मज्जारज्जूत गेलेला असतो. म्हणजे एकच पेशी मीटरभर लांब. तिच्या अंगावर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. टोकाला दाब, उष्णता किंवा रसायन लागलं की ती एकामागून एक उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि विजेची लाट पुढे सरकत राहते. मज्जारज्जूत वेदनेचा संदेश पुढच्या पेशीकडे सोपवला जातो आणि लगेच पलीकडच्या बाजूला ओलांडून वर चढतो. बारीक स्पर्शाची वाट मात्र त्याच बाजूनं मानेच्या वरपर्यंत जाते आणि तिथे ओलांडते. त्यामुळे मज्जारज्जूचा अर्धाच भाग कापला गेला, तर एका पायातली स्पर्शाची नेमकी जाणीव जाते आणि दुसऱ्या पायातली वेदना. स्पर्श आणि वेदना हे एकाच जाणिवेचे कमी-जास्त अंश नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

आता ही तार काय सांगते ते पाहू. ती 'इथे इतकी इजा झाली' असं सांगत नाही. 'माझं दार उघडलं', एवढंच ती सांगते. ते कशानं उघडलं हे तिला ठाऊक नसतं. मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर आपण 'तोंड भाजलं' म्हणतो. जीभ भाजलेली नसते, पण सुमारे ४३ अंशांच्या वर उघडणारं उष्णतेचं दार मिरचीतलं रसायन थंड तोंडातही उघडतं. या दाराचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाची दारं शोधणारे आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. खबरीत जागेचीही गल्लत होते. हृदयाकडून आणि डाव्या हाताकडून येणारे तंतू मज्जारज्जूच्या जवळपास त्याच पातळीवर शिरतात. मेंदूला आयुष्यभर हाताच्या खबरी येण्याची सवय असते, म्हणून हृदय गुदमरलं तरी तो दुखणं हातावर लिहितो. दिवसभर भारे वाहिलेला माणूस मग 'हात भरून आला' म्हणून तेल चोळत बसतो.

खबर वर जाताना अडवलीही जाते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक आहे. स्पर्शाचे जाड तंतू आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते लोटू शकतात. त्यांच्या आराखड्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली. लागलेल्या जागी आई चोळते तेव्हा बाळाचं रडणं थांबतं, ते निव्वळ मायेमुळे नव्हे. या फाटकाची सर्वांत मोठी साक्ष रणांगणावर मिळते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी २१५ सैनिकांची पाहणी केली आणि ती १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. शुद्धीवर असूनही सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होतं. या निष्कर्षाचं भोरच्या हिरडस मावळात कुणाला नवल वाटू नये. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळे याच मुलखातले. जखमांनी भरलेल्या अंगानं तोफांचे आवाज येईपर्यंत ते उभे राहिले, असं परंपरा सांगते. परंपरेतला तपशील बाजूला ठेवला तरी असं घडू शकतं, हे शरीरशास्त्र मान्य करतं. मध्यमेंदूतून निघालेले संदेश मज्जारज्जूत उतरतात आणि तिथे अफूसारखी द्रव्यं सुटून वेदनेची वाट रोखली जाते. यात धैर्याला उणेपणा येत नाही. त्या धैर्याला शरीर कशी साथ देतं, ते कळतं.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागतं. लाल विंचवाच्या दंशाचा उलगडा तिथेच झाला. १९७६ साली जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशानं मरणारी माणसं पाहत होते, त्यांत मुलंही होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं लिहून ठेवली आणि १९८२ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. लाल विंचवाचं विष तंतूंवरच्या त्या सोडियमच्या दारांना बंद होऊ देत नाही. वेदनेच्या तारेवर हे झालं की असह्य ठणका. पण हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा कारभार पाहणाऱ्या, आपल्या इच्छेबाहेरच्या मज्जातंतूंवर हेच झालं की शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरतं. यावर बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरलं. दाखल रुग्णांमधलं सुमारे ४० टक्क्यांचं मृत्यूचं प्रमाण त्यामुळे एका टक्क्याच्या आसपास आलं. त्यांच्या नोंदींमधली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की नुसताच भयंकर ठणका आणि दुसरं काहीच नाही, असा दंश बहुधा जीवघेणा ठरत नाही. उलटी, दरदरून घाम, तोंडात सुटलेली लाळ आणि गार पडलेले हातपाय दिसले, की ठणका किती आहे याला महत्त्व उरत नाही.

यावर गावात एक आक्षेप हमखास येतो: विंचू उतरवणाऱ्याकडे नेल्यावर लोक बरे होतातच ना? होतात. हे नाकारणं उद्धटपणाचं ठरेल आणि खोटंही. साध्या दंशाचा ठणका काही तासांत आपोआप ओसरतो. चोळण्यानं, फुंकरीनं, विश्वासानं फाटक लोटलं जातं आणि दुखणं खरोखर कमी होतं. आराम खरा असतो. पण त्या आरामाचा हृदयावर चाललेल्या लोंढ्याशी काही संबंध नसतो, आणि हाताशी असलेले मोलाचे तास त्यात निघून जातात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वेदनेवर विसंबू नका म्हटलं, तर माणसानं विसंबायचं कशावर? लाखो वर्षांत घडलेली ही यंत्रणा निरुपयोगी कशी असेल? ती निरुपयोगी नाहीच. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंच्या आवरणात शिरून जाणीव मारतात. बोटं रोगानं सडून गळतात, अशी समजूत शतकानुशतकं होती. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती न जाणवलेल्या चटक्यांमुळे, जखमांमुळे आणि रुतलेल्या काट्यांमुळे. जुन्या मधुमेहात बधिर झालेल्या तळव्यांचंही तेच होतं, आणि चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला तर तो काटा दिसतही नाही. म्हणून माझं म्हणणं वेदनेच्या विरुद्ध नाही. दुखत असेल तर लक्ष द्यायलाच हवं. 'दुखत नाही, म्हणजे काही झालं नाही', हे दुसरं वाक्य त्यातून निघत नाही, एवढंच.

हे दुसरं वाक्य सर्वांत महागात पडतं ते मण्यारीच्या बाबतीत. घोणस चावली तर पाय सुजतो, आग होते, घरचे धावतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दातांच्या खुणा बारीक असतात, सूज नसते, दुखणं जवळजवळ नसतंच. झोपलेला माणूस डास चावला असेल म्हणून कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते आणि ती पित्ताच्या नावावर जाते. मग पापण्या मिटू लागतात, घास गिळता येत नाही, शब्द अडखळतात. मण्यारीचं विष जाणिवेच्या तारांना हात लावत नाही. मेंदूचा हुकूम स्नायूंना देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं ते निकामी करतं. खबर वर जात राहते, हुकूम खाली येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात. ही टोकं पुन्हा तयार होऊ शकतात, पण त्याला दिवस लागतात आणि तेवढा काळ श्वास कुणीतरी बाहेरून चालवावा लागतो. सापाच्या विषावरची लस जितकी लवकर तितकी उपयोगी, कारण एकदा निकामी झालेलं टोक ती परत आणू शकत नाही. म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसानं पावसाळ्यातल्या पहाटे पोटदुखी आणि जड पापण्यांची तक्रार केली, तर दंशाची खूण सापडण्याची वाट न पाहता दवाखान्याकडे निघायला हवं. वाटेत तो निपचित पडला, डोळे उघडेनासा झाला, तरी शुद्ध हरपलीच असं धरू नये. त्याच्या कानांची, कातडीची वाट बहुधा अजून चालू असते. भोवतालची रडारड, 'गेला' म्हणून टाकलेला सुस्कारा, घशात सरकणारी नळी हे सगळं त्याला कळत असतं. बोट हलवून सांगणं तेवढं त्याला जमत नाही. त्याचा हात धरून, काय करतो आहोत ते त्याला सांगत राहावं.